सही कशावर करायची? इंटर्नच्या हातातल्या कौशल्याची पारख

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? ठीक.

कायरोप्रॅक्टिकच्या इंटर्नचं मूल्यमापन हा विषय इथे कशाला, असं काही जणांनी आम्हाला दारातच विचारलं. त्यांना आम्ही उलट एक प्रश्न विचारला, तोच तुम्हालाही विचारतो. पेशंट टेबलावर आडवा झालाय, डॉक्टर दोन्ही हातांनी त्याची मान धरतो, एक झटका देतो आणि 'कट्' असा आवाज येतो, असे व्हिडिओ मोबाइलवर कोणी कोणी पाहिलेत? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळ्यांनीच. आता दुसरा प्रश्न. तो माणूस दुसऱ्याच्या मानेला हात लावायला तयार झालाय, हे कोणी ठरवलं? आणि कशावरून ठरवलं? आता एकही हात वर नाही. आजचं व्याख्यान या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

एक खुलासा आधीच करतो. आम्ही कायरोप्रॅक्टर नाही. आम्ही फिजिओथेरपीच्या इंटर्नना शिकवतो, त्यांच्या लॉगबुकवर सह्या करतो. पण हाताच्या कौशल्याची पारख कशी करायची, हा प्रश्न कायरोप्रॅक्टिकमध्ये फार लख्खपणे समोर येतो. म्हणून उदाहरण तिथलं घेतलंय. जे निघेल ते एमबीबीएसच्या इंटर्नला, नर्सिंगच्या मुलीला, आमच्या विद्यार्थ्यांना, सगळ्यांनाच लागू पडतं.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात

कायरोप्रॅक्टिक अमेरिकेत जन्मलं. आयोवा राज्यातलं डॅव्हनपोर्ट हे गाव, साल १८९५. डी. डी. पामर नावाच्या गृहस्थाने हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका हाताने दाबला आणि त्याची ऐकण्याची तक्रार कमी झाली, अशी त्या व्यवसायाची जन्मकथा सांगतात. मणक्याचा आणि ऐकण्याचा तसा संबंध आज कुठलंही शरीरशास्त्र मान्य करत नाही. आता या व्यवसायातला बराच भाग कंबरदुखी, मानदुखी आणि सांध्यांच्या तक्रारींकडे वळलाय. जुन्या विचारांचेही लोक आहेत, आणि त्यांच्यातला वाद अजून चालू आहे. तो वाद आज सोडवायचा नाही.

शिक्षणाचं म्हणाल, तर अमेरिकेत मान्यताप्राप्त महाविद्यालयाला किमान ४,२०० तासांचं शिक्षण द्यावं लागतं. शेवटच्या टप्प्यात विद्यार्थी महाविद्यालयाच्याच ओपीडीत इंटर्न म्हणून रुग्ण तपासतो. त्याच्यावर परवानाधारक शिक्षकाची देखरेख असते. डेन्मार्कमध्ये ओडेन्सच्या विद्यापीठात कायरोप्रॅक्टिकचे विद्यार्थी बराच अभ्यासक्रम वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बरोबरीने शिकतात, आणि पदवीनंतर वर्षभराची इंटर्नशिप झाल्याशिवाय त्यांना स्वतंत्रपणे काम करता येत नाही. भारतात डॉक्टरांसाठी किंवा दंतवैद्यांसाठी असते तशी कायरोप्रॅक्टिकची वैधानिक परिषद नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

कौशल्य म्हणजे नेमकं काय?

व्हिडिओत आपल्याला दिसतो तो झटका. त्याची मोजमापं झालेली आहेत. मानेवर दिला जाणारा जोर साधारण १०० न्यूटनच्या आसपास असतो, म्हणजे दहा किलोच्या वजनाने दाबल्याइतका. छातीच्या मागच्या मणक्यांवर तो तिप्पट-चौपट जातो. आणि हे सगळं १००-१५० मिलिसेकंदांत, पापणी लवायच्या आत संपतं. एकदा सुरू झालेला झटका मध्येच थांबवता येत नाही. म्हणजे जो काही विचार करायचा तो आधीच करून झालेला असला पाहिजे.

मग तो आवाज? सांध्यातल्या द्रवात दाब अचानक कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. आपण बोटं मोडतो तेव्हा येतो तोच. आवाज आला म्हणजे 'हाड जागेवर बसलं', असं नसतं. आवाज आला की नाही आणि रुग्णाला बरं वाटलं की नाही, यांचा सरळ संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. पण इंटर्नचं मन मात्र त्या आवाजात अडकलेलं असतं. आवाज आला नाही की तो पुन्हा एक झटका देतो, जरा जोरात. आणि खरी भीती तिथेच आहे.

मग कौशल्य कशाला म्हणायचं? आम्ही त्याचे सहा तुकडे करतो. पहिला, रुग्णाची हकिकत नीट विचारणं. दुसरा, तपासणी. तिसरा, निर्णय, म्हणजे हा माणूस हाताने उपचार करण्यासारखा आहे का, हे ठरवणं. चौथा, रुग्णाला समजावून त्याची संमती घेणं. पाचवा, प्रत्यक्ष हाताचं काम. सहावा, नंतरची नोंद आणि पुढच्या भेटीत केलेला फेरविचार. झटका पाचव्या तुकड्यात येतो, तोही त्याचा एक भाग म्हणून. व्हिडिओत उरलेले पाच दिसत नाहीत. दुःखाची गोष्ट म्हणजे, पुष्कळदा परीक्षेतही दिसत नाहीत.

मोजणं म्हणजे पाहणं नव्हे

इंटर्नशिपच्या मूल्यमापनाची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे आकडा. इतके नवे रुग्ण, इतक्या तपासण्या, इतके उपचार, इतके एक्स-रे वाचन. आकडा पुरा झाला की सही आणि सुटका. कायरोप्रॅक्टिकच्या महाविद्यालयांत ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. आपल्याकडे एमबीबीएसच्या किंवा आमच्या इंटर्नच्या लॉगबुकात वेगळं काय असतं?

आकड्याला अर्थच नाही असं आम्ही म्हणत नाही. ज्याने पाचच रुग्ण तपासलेत त्याच्या हाती मान देऊ नये, हे कोणालाही कळतं. पण आकडा एकदा लक्ष्य झाला की काय होतं? आकडा भरायला इंटर्न मित्राला बोलावतो, वर्गमैत्रिणीला बोलावतो, मावसभावाला बोलावतो. ही सगळी बावीस-पंचवीस वर्षांची धडधाकट मंडळी. कोणाची मान जरा आखडलीय, कोणाला कंबरेत उसण भरलीय. आकडा पुरा होतो. पण साठीतली, हाडं ठिसूळ झालेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारी आजी त्या आकड्यात कुठेच नसते. परवाना मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात दारात येते ती नेमकी ही आजी.

दुसरं म्हणजे, आकडा किती वेळा केलं ते सांगतो, कसं केलं ते सांगत नाही. एकच चूक दोनशे वेळा केली तरी लॉगबुकात दोनशे चांगल्या नोंदी दिसतात. आणि चूक दोनशे वेळा हातात बसली की ती काढणं महाकठीण.

आमचीच एक गोष्ट सांगतो. इंटर्नशिप संपायला आठवडा राहिला होता. एक मुलगा लॉगबुक घेऊन आला. स्वच्छ अक्षर, एकही रकाना रिकामा नाही. आम्ही सह्या करत सुटलो. चौदाव्या की पंधराव्या पानावर हात थबकला. याला आम्ही रुग्णावर काम करताना शेवटचं कधी पाहिलं होतं? आठवेना. तो हसतमुख होता, वेळेवर यायचा, वॉर्डातल्या सिस्टरही त्याच्यावर खूश. पण त्याचा हात रुग्णाच्या खांद्यावर असताना आम्ही दोन मिनिटं शेजारी उभे होतो, असा एकही प्रसंग आठवेना. त्या दिवशी आम्ही त्याला सही दिली. दिली, हे कबूल करतो. पण आमचं या विषयाचं वाचन तिथून सुरू झालं.

पिरॅमिडच्या चार पायऱ्या

या क्षेत्रात सगळेजण एक चित्र वापरतात. जॉर्ज मिलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड. तळाला 'माहीत आहे'. त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे'. त्यावर 'करून दाखवतो'. आणि टोकाला 'करतो', म्हणजे रोजच्या कामात, कोणी परीक्षा घेत नसताना, खरोखर करतो.

पोहण्याचं उदाहरण घ्या. पाण्यात माणूस का तरंगतो हे माहीत असणं, ही पहिली पायरी. हात-पाय कसे मारायचे ते तोंडाने सांगता येणं, दुसरी. गुरुजी काठावर उभे असताना तलावात पोहून दाखवणं, तिसरी. आणि नदीला पाणी चढलेलं असताना नीट पोहणं, किंवा आज उतरायचं नाही असं ठरवणं, ही चौथी. लेखी पेपर पहिल्या पायरीवर थांबतो. वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, फार तर दुसरी गाठते. इंटर्नशिपचा सगळा मुद्दा तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचा आहे.

तिसऱ्या पायरीसाठी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत आणली आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिलाच आपण ऑस्की म्हणतो. एका ओळीत टेबलं मांडायची, प्रत्येक टेबल हे एक स्टेशन. प्रत्येक विद्यार्थी ठरलेली मिनिटं एका स्टेशनवर थांबतो, घंटा वाजली की पुढच्यावर जातो. इथे हकिकत घ्या, तिथे गुडघ्याची तपासणी करा, पुढे एक्स-रे वाचा. सगळ्यांना तीच स्टेशनं, तीच चेकलिस्ट. जुन्या पद्धतीत एकाच्या वाट्याला सोपा रुग्ण आणि दुसऱ्याच्या वाट्याला किचकट रुग्ण आला की सगळा नशिबाचा खेळ व्हायचा. ऑस्कीने तो बराचसा मोडला. अमेरिकेत कायरोप्रॅक्टिकच्या राष्ट्रीय मंडळाने १९९६ मध्ये परीक्षेचा चौथा, प्रात्यक्षिक भाग सुरू केला, तो याच घाटाचा. त्यात एक्स-रे आणि निदान, हाताचं तंत्र, आणि रुग्णाचं व्यवस्थापन असे विभाग ठेवले.

पण मेख बघा. हाताच्या तंत्राच्या अशा स्टेशनवर विद्यार्थी समोरच्या माणसाला योग्य स्थितीत ठेवतो, हात नेमक्या जागी लावतो, दिशा दाखवतो आणि थांबतो. प्रत्यक्ष झटका देत नाही. देऊ देणार तरी कसा? तोच माणूस दिवसभर टेबलावर झोपलेला. तीस विद्यार्थ्यांनी त्याच्या मानेला तीस झटके दिले तर संध्याकाळी त्याचं काय होईल? म्हणजे ऑस्कीत सगळी तयारी तपासता येते, ते १५० मिलिसेकंद मात्र निसटतात.

त्यावर एक तोड निघाली आहे. टोरांटोच्या कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयात बल मोजणारं टेबल तयार झालं. विद्यार्थी त्यावरच्या पुतळ्याला झटका देतो आणि पडद्यावर आलेख उमटतो. आधीचा दाब किती होता, जोर किती वेगात चढला, कुठवर गेला, सगळं दिसतं. 'अजून जरा हलक्या हाताने' असं शिक्षक वर्षभर सांगतो आणि विद्यार्थ्याला काही कळत नाही. आलेख पाहिला की दहा मिनिटांत कळतं. तबलजीला स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकवल्यासारखंच आहे हे. पण पुतळा घाबरत नाही, मान आखडून धरत नाही, 'डॉक्टर, जरा थांबा' म्हणत नाही. त्यासाठी खऱ्या ओपीडीतच जावं लागतं.

ओपीडीतली वीस मिनिटं

चौथ्या पायरीसाठी सर्वांत साधी आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे मिनी-सीईएक्स. जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९५ मध्ये ती मांडली. त्याआधी प्रथा अशी होती, की शिक्षक वर्षातून एकदा एका इंटर्नला एका रुग्णाबरोबर दोनेक तास बघणार आणि निकाल देणार. नॉर्सिनी म्हणाले, एकदाच दोन तास बघण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं अनेकदा बघा, वेगवेगळ्या रुग्णांबरोबर आणि वेगवेगळ्या शिक्षकांनी. साधी गोष्ट आहे. भात शिजला का हे एकाच शितावरून कळतं असं आपण म्हणतो, पण इंटर्न म्हणजे भाताचं पातेलं नव्हे. कंबरदुखीत हुशार असलेला मुलगा खांद्यापाशी पार गडबडू शकतो. एका प्रकारच्या रुग्णावरचं कौशल्य दुसऱ्यावर आपोआप जात नाही.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? समजा, इंटर्न मुलीसमोर पस्तिशीतला एक टेंपोचालक बसलाय. कंबर दुखतेय, दुखणं डाव्या पायात उतरतंय. शिक्षक कोपऱ्यात स्टुलावर, गप्प. हे गप्प बसणंच फार अवघड असतं. आम्हाला दर दोन मिनिटांनी तोंड उघडावंसं वाटतं. मुलगी विचारते, कधीपासून, कशाने वाढतं, रात्री झोप लागते का. पायाची ताकद तपासते, संवेदना तपासते, पाय सरळ उचलून बघते. शिक्षक कागदावर टिपतो, काय विचारलं आणि काय राहिलं. लघवीबद्दल विचारलं नाही. बैठकीच्या जागी बधिरपणा आहे का, विचारलं नाही. कदाचित लाजली. पण कंबरेच्या खालचा मज्जातंतूंचा जुडगा दबला जात असेल तर पहिली खूण तिथेच मिळते, आणि तेव्हा गरज हाताच्या उपचाराची नसते, तातडीने हॉस्पिटलात जायची असते.

नऊ गुणांची मोजपट्टी असते. एक ते तीन असमाधानकारक, चार ते सहा समाधानकारक, सात ते नऊ उत्तम. हकिकत, तपासणी, निर्णय, समजावून सांगणं, रुग्णाशी वागणूक, कामातली शिस्त, सगळ्याला वेगळे गुण. पण खरं सांगू का, या कागदावरचे आकडे ही त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट. महत्त्वाची आहेत रुग्ण गेल्यावरची पाच-दहा मिनिटं. त्यात शिक्षक काय बोलतो ते बघा. 'छान केलंस, आत्मविश्वास वाढव' असं म्हटलं की मुलीला काहीही मिळालं नाही. 'पायाची तपासणी क्रमाने केलीस, एकही स्नायू सोडला नाहीस. लघवीचा प्रश्न राहिला. तो का विचारायचा असतो, सांग बरं? आता मला पेशंट समज आणि तोच प्रश्न संकोच न करता कसा विचारशील ते करून दाखव.' असं म्हटलं की तो प्रश्न ती पुन्हा सहसा विसरत नाही.

परीक्षकांचंच जमत नसेल तर?

आता गैरसोयीचा भाग. कायरोप्रॅक्टर बोटांनी मणका चाचपतो आणि म्हणतो, 'हा सांधा हलत नाही, अडकलाय.' त्यावर उपचार ठरतो. पण दोन अनुभवी तपासनिसांना एकमेकांच्या नकळत तोच रुग्ण दिला, तर दोघं एकाच मणक्याकडे बोट दाखवतात का? यावर गेल्या काही दशकांत भरपूर अभ्यास झाले, आणि निकाल फारसा सुखावह नाही. सांधा हलतो की नाही, याबाबतचं एकमत सामान्यतः कमी निघतं. 'इथे दाबल्यावर दुखतं का', याबाबत ते बरंच चांगलं निघतं, कारण तिथे रुग्ण स्वतः उत्तर देतो.

एकमत मोजायला कप्पा नावाचा आकडा वापरतात. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये तो मांडला. कल्पना सोपी आहे. समजा, वीस रुग्ण आहेत. दोन्ही तपासनीस निम्म्यांना 'अडकलाय' आणि निम्म्यांना 'मोकळा' म्हणतात. दोघांनी डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी साधारण दहा रुग्णांबाबत त्यांचं जमलंच असतं. प्रत्यक्षात बाराबाबत जमलं. ऐकायला साठ टक्के छान वाटतात. पण नाण्यापेक्षा जास्त फक्त दोन, आणि शक्य होते दहा. म्हणजे कप्पा ०.२. शंभर टक्के एकमताला तो १ असतो आणि निव्वळ योगायोगाला ०.

आता सांगा, परीक्षकांचंच एकमत इतकं डळमळीत असेल, तर 'चौथा मणका अडकलाय' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला 'नाही, पाचवा' म्हणून नापास कोणत्या तोंडाने करायचं? आमच्या मते, अशा जागी उत्तराला गुण देऊच नयेत. गुण द्यावेत ते पद्धतीला. रुग्णाला नीट झोपवलं का? दोन्ही बाजू ताडून पाहिल्या का? दाबल्यावर त्याचं नेहमीचं दुखणं उमटतं का, हे त्यालाच विचारलं का? आणि सर्वांत मोठा प्रश्न, 'तुला खात्री किती आहे?' जो विद्यार्थी म्हणतो, 'सर, मला इथे वेगळं वाटतंय, पण फक्त त्यावर मी निर्णय घेणार नाही,' त्याला आम्ही ठाम बोलणाऱ्यापेक्षा जास्त गुण देतो.

परीक्षकाचे आणखी दोन दोष आहेत. एक जुना, मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलेला. एखादा माणूस एका बाबतीत आवडला की सगळ्याच बाबतींत चांगला वाटायला लागतो. आमचा तो हसतमुख मुलगा आठवा. दुसरा म्हणजे काही परीक्षक मुळातच कडक, काही मुळातच मऊ. विद्यार्थ्यांना हे आपल्याआधी कळतं. 'आज ओपीडीला कोण आहे?' हा प्रश्न ते उगाच विचारत नाहीत. दोन्हीवर औषध एकच. परीक्षक अनेक ठेवा, आणि सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एकाच इंटर्नचा व्हिडिओ बघून गुण द्या. एकाने चार आणि दुसऱ्याने आठ दिले की जी चर्चा होते, ती कोणत्याही कार्यशाळेपेक्षा मोलाची असते.

न करण्याचं कौशल्य

आता मुख्य मुद्दा. एक स्टेशन असं असलंच पाहिजे, जिथे बरोबर उत्तर 'हात लावायचा नाही' हे असेल.

बेचाळीस वर्षांची बाई. तीन दिवसांपासून मान दुखतेय, एकाच बाजूला. 'असं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं' असं ती बोलण्याच्या ओघात म्हणते. मध्येच जरा गरगरल्यासारखं होतं. नीट पाहिलं तर एक पापणी किंचित खाली आलीय. ही साधी मानदुखी नसू शकते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलेलं असू शकतं. असा प्रकार क्वचितच होतो, पण त्याची सुरुवात नेमकी मानदुखी आणि डोकेदुखीने होते, म्हणून असा रुग्ण आपल्या पायाने कायरोप्रॅक्टरकडे, फिजिओथेरपिस्टकडे, हाडवैद्याकडे चालत येतो. तिथे मानेला झटका दिला तर जिवावर बेतू शकतं. इथे हात मागे घेऊन हॉस्पिटलात पाठवणं हेच कौशल्य.

पण लॉगबुकात याला रकाना आहे का? 'उपचार केले: इतके' असा रकाना असतो. 'उपचार केले नाहीत, आणि ते बरोबर होतं: इतके' असा रकाना आम्ही कुठे पाहिलेला नाही. जे मोजतो तेच विद्यार्थी शिकतात. आपण झटके मोजले तर ते झटके शिकतील.

नापास करण्याची हिंमत

सगळी साधनं नीट वापरली, आणि कळलं की ही मुलगी किंवा हा मुलगा तयार नाही. मग? इथे बहुतेक शिक्षक मागे सरतात. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांबाबत नेमका हाच अभ्यास केला. शंका असूनही मार्गदर्शक विद्यार्थ्यांना पुढे जाऊ देतात, असं त्यात दिसलं. कारणं तुमच्या-आमच्या ओळखीचीच आहेत. शंका आली तेव्हा नोंद केली नाही, आणि आता उशीर झालाय. पुढचा कोणीतरी बघेल. पोरगं गरीब घरातलं आहे, वर्ष वाया जाईल.

शेवटचं कारण आम्हाला सर्वांत जड जातं. कर्ज काढून शिकवणारे आई-वडील आमच्या डोळ्यांसमोर असतात. पण रुग्ण डोळ्यांसमोर नसतो. तो अजून यायचाय. म्हणून सुरुवातीपासून, दर महिन्याला, कागदावर नोंद हवी. दुसऱ्याच महिन्यात 'हकिकतीत धोक्याची लक्षणं विचारत नाही' असं लिहिलं, त्याला दाखवलं, त्याने सुधारणा केली, तर नापास करायची वेळच येत नाही. आणि तरी आली, तर त्याला धक्का बसत नाही. शेवटच्या आठवड्यात अचानक दिलेला नकार क्रूर असतो, आणि शेवटच्या आठवड्यात डोळे मिटून केलेली सही त्याहून क्रूर असते.

त्या लॉगबुकनंतर आम्ही स्वतःसाठी एक नियम केला. प्रत्येक इंटर्नला आमच्यापैकी किमान तिघांनी, किमान आठ वेळा, आठ वेगळ्या रुग्णांबरोबर पाहिलेलं असल्याशिवाय सही नाही. पहिल्या वर्षी आरडाओरडा झाला. आता इंटर्नच येऊन विचारतात, 'मॅडम, आज मला बघाल का?' इथवर यायला दोन वर्षं लागली. तो हसतमुख मुलगा आज कुठेतरी काम करतोय. बहुधा चांगलंच करत असेल. पण 'बहुधा' या शब्दावर आम्ही सही केली होती.

आता प्रश्न.

प्रश्न: इतकी ओपीडी असताना एका इंटर्नमागे वीस मिनिटं आणायची कुठून?

अतिशय रास्त प्रश्न. वीस मिळत नसतील तर दहा घ्या आणि एकच तुकडा बघा. आज फक्त हकिकत, परवा फक्त संमती कशी घेतो ते. सगळं एकाच दिवशी बघायचा हट्ट धरला की काहीच बघून होत नाही. आणि सह्या करण्यात जाणारा वेळ मोजून बघा एकदा. आम्ही मोजला होता, तो कमी नव्हता.

प्रश्न: कोपऱ्यात कोणी बसून लिहितंय, हे पेशंटला चालतं का?

आधी विचारलं तर बहुतेकांना चालतं. नाही म्हटलं तर उठून बाहेर जायचं. शेवटी आम्ही पेशंटलाच विचारतो, 'यांनी तुमचं ऐकून घेतलं का? काय करणार ते समजलं का?' त्यांचं उत्तर शिक्षकाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट सांगून जातं. एका आजींनी आम्हाला सांगितलं, 'पोर गुणाची आहे, पण हात फार गार आहेत.' ही गोष्ट आमच्या चेकलिस्टमध्ये नव्हती.

प्रश्न: आपल्याकडे कोणी मानेला झटका देतो म्हणाला तर सामान्य माणसाने काय बघावं?

मघाशी म्हटलं, की भारतात या व्यवसायाची वैधानिक परिषद नाही. म्हणून जास्त डोळसपणे बघावं लागतं. पदवी कुठली, नोंदणी कुठल्या देशात किंवा कुठल्या परिषदेकडे, हे विचारायला लाजू नका. पण त्याहून सोपी कसोटी म्हणजे हात लावण्याआधी त्याने तुम्हाला किती प्रश्न विचारले ते बघा. गोळ्या कुठल्या चालू आहेत, पूर्वी कधी कॅन्सर झाला होता का, चक्कर येते का, डोकं वेगळं दुखतंय का, हाता-पायाला मुंग्या येतात का. यातलं काहीच न विचारता कोणी तुमची मान हातात घेत असेल, तर तिथून उठून या. हाडवैद्य असो, कायरोप्रॅक्टर असो, की आमच्यापैकी कोणी असो.